जोसेफ वायझेनबाउम आणि त्यांची एलायझा

१. बॉट म्हणजे कोण?

तुम्ही मित्रमैत्रिणींबरोबर ऑनलाइन गेम खेळता, तेव्हा तुमच्या ग्रुपमध्ये कधीकधी एक बॉट असतो. नवीन कोणी आलं की तो स्वागत करतो. कोणी नियम विचारले की नियम सांगतो. कोणी शिवी दिली की तो मेसेज काढून टाकतो. त्याला झोप येत नाही, भूक लागत नाही आणि एकच प्रश्न शंभरदा विचारला तरी राग येत नाही. कारण बॉट हा माणूस नाही, तो एक प्रोग्रॅम आहे. कोणीतरी बसून तो लिहिलेला असतो. आणि लिहून झाला म्हणजे काम संपलं असं होत नाही. त्याच्याकडे कोणाला तरी सतत लक्ष ठेवावं लागतं.

माणसाशी गप्पा मारणारा पहिला प्रसिद्ध प्रोग्रॅम अमेरिकेत लिहिला गेला. त्याची माहिती १९६६ साली छापून आली. त्या प्रोग्रॅमचं नाव एलायझा आणि लिहिणाऱ्याचं नाव जोसेफ वायझेनबाउम.

आता यातली खरी गोष्ट ऐका. एलायझामुळे वायझेनबाउम जगभर प्रसिद्ध झाले. पण ज्या माणसाने हे बोलणारं यंत्र बनवलं, तोच पुढे चाळीस वर्षं लोकांना बजावत राहिला, की यंत्राला माणूस समजू नका. आपणच बनवलेल्या वस्तूची त्यांना एवढी काळजी का वाटली? ते समजून घ्यायचं तर आपल्याला आधी बर्लिनला जायला हवं.

२. गव्हाचं झाड

जोसेफचा जन्म ८ जानेवारी १९२३ रोजी जर्मनीतल्या बर्लिन शहरात झाला. त्याचे वडील फरचे, म्हणजे प्राण्यांच्या केसाळ कातड्याचे कपडे बनवायचे. घरातले सगळे जर्मन बोलत. कुटुंब धर्माने ज्यू होतं.

त्याच्या आडनावाची एक गंमत आहे. जर्मन भाषेत वायझेनबाउम म्हणजे गव्हाचं झाड. गहू काही झाडाला लागत नाही! पण आडनावं अशीच असतात. आपल्याकडच्या वाघमाऱ्यांनी तरी कुठे वाघ मारलेला असतो? शिवाय हे आडनाव बर्लिनमध्ये एका पद्धतीने उच्चारत आणि अमेरिकेत दुसऱ्या. तुमच्या शाळेत तुमचं नाव कोणी भलतंच उच्चारत असेल, तर तुम्हाला हे लगेच कळेल.

जोसेफ दहा वर्षांचा होता तेव्हा, म्हणजे १९३३ साली, जर्मनीत हिटलरची सत्ता आली. ज्यू लोकांचे हक्क एकेक करून काढून घेतले जाऊ लागले. जोसेफला त्याची शाळा सोडावी लागली आणि ज्यू मुलांच्या वेगळ्या शाळेत जावं लागलं. काल ज्यांच्याबरोबर तो एका बाकावर बसायचा, ती मुलं आज वेगळी झाली. त्याने काही चूक केली नव्हती. कोणीतरी एक नियम केला आणि बाकीच्यांनी तो पाळला, एवढंच झालं होतं.

१९३६ साली वायझेनबाउम कुटुंबाने जर्मनी सोडली. ते वेळेवर निघाले. युरोपातल्या लाखो ज्यू लोकांना पुढच्या काही वर्षांत मारून टाकण्यात आलं.

कुटुंब अमेरिकेत डेट्रॉइट शहरात आलं. जोसेफ तेव्हा तेरा वर्षांचा होता. नवा देश, नवी शाळा आणि नवी भाषा. मनात खूप काही असायचं, पण ते सांगायला इंग्रजी शब्द सापडायचे नाहीत. तुमच्यापैकी काही जणांचं मराठीच्या बाबतीत असं होत असेल. आजीशी फोनवर बोलताना सगळं कळतं, पण आपलं वाक्य मात्र अर्ध्यावरच अडतं. जोसेफला एक विषय असा मिळाला, जिथे इंग्रजी कमी लागायचं. तो विषय होता गणित.

१९४१ साली तो डेट्रॉइटच्या वेन विद्यापीठात गणित शिकू लागला. पण दुसरं महायुद्ध चालू होतं, आणि लवकरच त्याला शिक्षण सोडून सैन्यात जावं लागलं. शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्याचं काम करायची त्याची इच्छा होती. त्याला ते काम मिळालं नाही, कारण तो जर्मनीत जन्मलेला होता. म्हणजे पाहा, जर्मनीने त्याला ज्यू म्हणून नको म्हटलं आणि अमेरिकेला तो जर्मन म्हणून संशयास्पद वाटला! शेवटी हवाई दलात त्याने हवामानाचा अंदाज सांगण्याचं काम केलं.

३. कॉम्प्युटरची खोली

युद्ध संपल्यावर जोसेफने आपलं शिक्षण पूर्ण केलं. त्या काळात कॉम्प्युटर दुकानात मिळत नसे. वेन विद्यापीठाने स्वतःचा कॉम्प्युटर बांधायला घेतला आणि त्या कामात तो सामील झाला. नंतर त्याने जनरल इलेक्ट्रिक या कंपनीत काम केलं. तिथे एका मोठ्या बँकेसाठी चेक वाचणारी यंत्रणा तयार होत होती. घरात चेकबुक असेल तर उघडून पाहा. चेकच्या अगदी खालच्या ओळीत जरा विचित्र आकाराचे आकडे दिसतील. त्यांच्या शाईत चुंबकाला कळेल असा पदार्थ असतो, त्यामुळे यंत्राला ते वाचता येतात. ही पद्धत बँकेत पहिल्यांदा वापरणाऱ्या यंत्रणांपैकी ती एक होती.

१९६३ साली वायझेनबाउम एमआयटी या प्रसिद्ध संस्थेत प्राध्यापक झाले. (आता ते मोठे झाले, म्हणून आपणही त्यांना अहो-जाहो करू या.)

एमआयटीमध्ये तेव्हा एक नवीन गोष्ट चालू होती. पूर्वी कॉम्प्युटर एका वेळी एकाच माणसाचं काम करायचा. आता एकाच मोठ्या कॉम्प्युटरला अनेक टाइपरायटर जोडले होते. वेगवेगळ्या खोल्यांत बसून अनेक जण एकाच वेळी तो वापरू शकत. तुम्ही टाइप केलं की कॉम्प्युटरचं उत्तर त्याच कागदावर, टकटक आवाज करत, छापून यायचं. लोक तिथे एकमेकांसाठी निरोप ठेवू लागले, एकमेकांचे प्रोग्रॅम वापरू लागले. आजच्या ऑनलाइन ग्रुपची ही अगदी सुरुवात होती.

तो कॉम्प्युटर खोलीभर मोठा होता. पण त्याची मेमरी इतकी कमी होती, की तुमच्या फोनमधला एक नेहमीचा फोटोसुद्धा तिच्यात मावला नसता. अशा यंत्रावर वायझेनबाउम यांनी १९६४ ते १९६६ या काळात एलायझा लिहिली.

४. हे नाव कुठून आलं?

एलायझा हे जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या पिग्मॅलियन नाटकातल्या मुलीचं नाव आहे. ती लंडनच्या रस्त्यावर फुलं विकते. एक प्राध्यापक तिला मोठ्या घरातल्या बायकांसारखं बोलायला शिकवतो. ही गोष्ट तुमच्या आईबाबांना नक्की माहीत असेल, पण दुसऱ्या नावाने. पु. ल. देशपांडे यांनी याच नाटकावरून मराठीत ती फुलराणी लिहिलं. त्यात एलायझाची झाली मंजुळा, आणि भक्ती बर्वे यांनी ती भूमिका गाजवली. घरी विचारून पाहा. कोणीतरी लगेच मंजुळाची नक्कल करून दाखवेल.

वायझेनबाउम यांनी हे नाव विचार करून निवडलं. नाटकातल्या मुलीसारखं त्यांच्या प्रोग्रॅमलाही बोलायला शिकवता येत होतं. पण नाटकात जो प्रश्न आहे, तोच इथेही होता. बोलणं बदललं म्हणजे आतला माणूस बदलला का? आणि आत कोणी माणूसच नसेल तर?

५. एलायझा कशी बोलायची?

एलायझाचे दोन भाग होते. एक मूळ प्रोग्रॅम आणि दुसरी नियमांची यादी. या यादीला स्क्रिप्ट म्हणतात. नाटकातल्या नटाला जशी संहिता लागते, तशी एलायझाला स्क्रिप्ट लागायची. स्क्रिप्ट बदलली की एलायझाचं बोलणं बदलायचं. त्यासाठी मूळ प्रोग्रॅमला हात लावावा लागत नसे. आजही चांगला बॉट लिहिणारे लोक हेच करतात. यंत्र वेगळं ठेवतात आणि उत्तरं वेगळी ठेवतात, म्हणजे चूक सापडली की दुरुस्त करणं सोपं जातं.

सगळ्यात गाजलेल्या स्क्रिप्टचं नाव होतं डॉक्टर. त्यात एलायझा मनाच्या डॉक्टरसारखी बोलायची. कार्ल रॉजर्स नावाच्या मानसशास्त्रज्ञांची एक पद्धत होती. त्यात डॉक्टर स्वतः फार बोलत नाही, सल्ला देत नाही. समोरच्या माणसाचेच शब्द थोडे बदलून त्याला परत देतो, म्हणजे तो माणूस आणखी बोलतो. वायझेनबाउम यांना हे फार सोयीचं होतं. समजा, तुम्ही डॉक्टरला सांगितलं की काल मी वडापाव खाल्ला, आणि डॉक्टर म्हणाले की वडापावबद्दल जरा सांगा. तर डॉक्टरांना वडापाव माहीत नाही असं तुम्हाला वाटणार नाही. त्यांच्या मनात काहीतरी हेतू असेल, असंच तुम्ही समजाल. यंत्राला जगातलं काहीही माहीत नसलं, तरी इथे ते खपून जातं.

आता आतलं काम पाहू. त्यात चार युक्त्या होत्या.

पहिली युक्ती: खुणेचे शब्द. तुमच्या वाक्यात आई, बाबा, स्वप्न, नेहमी असा एखादा ठरलेला शब्द आहे का, ते एलायझा शोधायची. असे दोन शब्द सापडले, तर ज्याचा क्रमांक वरचा, तो निवडायची.

दुसरी युक्ती: अदलाबदल. माझं असेल तिथे तुमचं, मला असेल तिथे तुम्हाला. मग तुमचंच वाक्य प्रश्न बनून परत यायचं. मला आजीची आठवण येते असं लिहिलं, की तुम्हाला आजीची आठवण कधी येते, असा प्रश्न तयार.

तिसरी युक्ती: मागचं आठवून बोलणं. तुम्ही माझं किंवा माझी म्हणून काही सांगितलं असेल, तर एलायझा ते बाजूला ठेवायची. नंतर कधी तिला काहीच सुचलं नाही, की ते बाहेर काढायची. त्यामुळे वाटायचं, अरे, हिच्या लक्षात आहे!

चौथी युक्ती: काहीच नाही सापडलं, तर एखादं ठोकळेबाज उत्तर. हं, पुढे सांगा. अशा वेळी बोलत राहायचं काम माणूसच करायचा.

एवढंच. एलायझाला आजी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि आठवण येणं म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. तिला अक्षरं दिसत होती.

६. एलायझा मराठी बोलली तर?

वायझेनबाउम यांच्या काळात इंग्रजीबरोबर जर्मन आणि वेल्श भाषेतही स्क्रिप्ट लिहिल्या गेल्या होत्या. आपण मराठीत लिहिली तर काय होईल? मराठी शिकताना जे तुम्हाला कठीण जातं, तेच एलायझालाही कठीण जाईल.

इंग्रजीत आईसाठी एक शब्द यादीत टाकला की बरंचसं काम होतं. मराठीत आईला, आईचा, आईने, आईशी, आईकडे, आईसाठी असे कितीतरी शब्द लिहावे लागतील. शाळा शब्द लिहिला आणि कोणी शाळेत म्हटलं, तर एलायझाला तो सापडणारच नाही. कारण ती अक्षर न् अक्षर जुळवून पाहते.

अदलाबदलही सोपी नाही. मी गेलो चं तुम्ही गेलो करून चालत नाही. तुम्ही गेलात, असं क्रियापदही बदलावं लागतं. मुलगी मी गेले म्हणेल. तिच्याशी एलायझा तू म्हणून बोलली तर गेलीस, मुलाला गेलास. आणि मुळात तू म्हणायचं की तुम्ही? वर्गातल्या मुलाला तू चालेल. पण एखाद्या आजोबांनी टाइप केलं आणि यंत्राने त्यांना अरे-तुरे केलं तर?

हे सगळे नियम मेहनत करून लिहिता येतील. खरी अडचण पुढे आहे. समजा, एका मुलाने रात्री एकट्याने बसून लिहिलं, की माझी आजी गेली. मराठी येणाऱ्या कोणालाही लगेच कळेल की त्याची आजी वारली आहे. आपण दोन मिनिटं गप्प बसू, किंवा त्याचा हात हातात घेऊ. एलायझा काय करेल? ती माझी चं तुमची करेल आणि विचारेल, तुमची आजी कुठे गेली?

त्या मुलाला काय वाटेल याचा विचार करा. वायझेनबाउम यांना याच गोष्टीची काळजी वाटू लागली.

७. जरा बाहेर जाता का?

एलायझा लिहिताना वायझेनबाउम यांची सेक्रेटरी ते काम कित्येक महिने पाहत होती. हा एक प्रोग्रॅम आहे, हे तिला चांगलं माहीत होतं. एक दिवस ती स्वतः एलायझाशी बोलायला बसली. दोन-चार वाक्यं टाइप केली आणि मग तिने वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. तिला एलायझाशी खासगी बोलायचं होतं.

वायझेनबाउम चकित झाले. समोर कोणी नाही हे माहीत असूनही माणूस यंत्राजवळ मन मोकळं करतो, तेही इतक्या लवकर!

नंतर आणखी एक गोष्ट घडली. लोक एलायझाशी रात्रभर जे बोलतात ते सगळं जमा करून नंतर वाचावं, असा विचार त्यांनी बोलून दाखवला. प्रोग्रॅम सुधारायला त्याचा उपयोग झाला असता. पण लोक रागावले. आमचं मनातलं बोलणं तुम्ही चोरून ऐकणार का, असं त्यांचं म्हणणं होतं. आज प्रत्येक बॉटच्या बाबतीत हा प्रश्न येतो. तुम्ही बॉटला जे लिहिता ते कुठेतरी साठवलं जातं. ते कोण वाचतं?

तिसरी गोष्ट त्यांना सगळ्यात जास्त लागली. काही मनोविकारतज्ज्ञ म्हणू लागले, की असे प्रोग्रॅम सुधारले तर रुग्णांवर उपचारच करतील. केनेथ कोल्बी हे त्यांच्यापैकी एक. एक मोठा कॉम्प्युटर तासाला शेकडो रुग्णांशी बोलू शकेल, असा त्यांचा हिशेब होता. डॉक्टर कमी आहेत आणि रुग्ण खूप आहेत, मग यंत्राची मदत का घेऊ नये? हा प्रश्न साधा नाही आणि कोल्बी वाईट माणूसही नव्हते. पण वायझेनबाउम यांचं मत पक्कं होतं. दुःखी माणसाला बरं करायचं, तर ते दुःख समजणारं कोणीतरी समोर हवं. एलायझात असं कोणी नव्हतं. हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? त्यांनीच तर ती लिहिली होती.

पुढे कोल्बी यांनी पॅरी नावाचा प्रोग्रॅम लिहिला. सगळे आपल्या वाईटावर आहेत असा संशय घेणाऱ्या रुग्णाची तो नक्कल करायचा. १९७२ साली पॅरी आणि एलायझाच्या धर्तीवर लिहिलेला डॉक्टर यांना नेटवर्कवरून एकमेकांशी बोलायला लावलं. दोन यंत्रं एकमेकांशी बोलत होती. पानंच्या पानं संभाषण झालं. बोलणारे दोघं होते, पण ऐकणारं एकही नव्हतं.

८. हिशेब आणि निवड

वायझेनबाउम यांनी मग एक पुस्तक लिहिलं. ते १९७६ साली प्रसिद्ध झालं. कॉम्प्युटरची ताकद आणि माणसाची विवेकबुद्धी हा त्याचा विषय होता. त्यातला मुख्य विचार सोप्या शब्दांत असा सांगता येईल.

हिशेब वेगळा आणि निवड वेगळी. हिशेब नियमांनी होतो. कोणता रस्ता जवळचा, कोणाला किती गुण, खात्यात किती पैसे, हे यंत्र माणसापेक्षा चांगलं सांगेल. पण गुन्हेगाराला शिक्षा किती द्यायची, रडणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, हे नुसत्या नियमांनी ठरत नाही. तिथे दया लागते, अनुभव लागतो, आणि मी हे ठरवलं असं म्हणून जबाबदारी घेणारा माणूस लागतो. एखादं काम कॉम्प्युटरला जमेल का, एवढंच विचारून भागत नाही. जमलं तरी ते त्याला द्यावं का, हेही विचारायला हवं.

हे वाचून त्यांचे काही सहकारी चिडले. कॉम्प्युटरचं संशोधन जोरात चालू होतं. त्यासाठी अमेरिकन सैन्याकडून खूप पैसा येत होता. आपल्यातलाच एक मोठा प्राध्यापक असं बोलतो, हे त्यांना आवडलं नाही. वायझेनबाउम मागे हटले नाहीत. व्हिएतनाममधल्या युद्धालाही त्यांनी विरोध केला होता. माणसाचं बोलणं ओळखणारी यंत्रं तयार झाली, तर लोकांची संभाषणं ऐकायला त्यांचा वापर होऊ शकेल, असा इशाराही त्यांनी दिला.

असं का केलं असेल त्यांनी? लहानपणीचं बर्लिन आठवा. नियम झाला आणि लोकांनी तो पाळला. कोणी म्हणालं नाही, की हा नियम चूक आहे आणि मी तो पाळणार नाही. यंत्र तर असं कधीच म्हणत नाही. म्हणून ते म्हणायची जबाबदारी माणसाची.

९. परत बर्लिन

१९९६ साली, साठ वर्षांनंतर, वायझेनबाउम पुन्हा बर्लिनमध्ये राहायला गेले. तेरा वर्षांचा मुलगा जिथून निघून गेला होता, तिथे तो म्हातारा होऊन परतला. तिथे ते शाळाकॉलेजांत आणि सभांमध्ये भाषणं देत. यंत्राशी बोलण्याबद्दल, शाळांमधल्या कॉम्प्युटरबद्दल लोक त्यांना प्रश्न विचारत. ५ मार्च २००८ रोजी, ८५व्या वर्षी, बर्लिनजवळ त्यांचं निधन झालं. आज बर्लिनमध्ये त्यांच्या नावाची एक संशोधन संस्था आहे. इंटरनेटमुळे समाज कसा बदलतो याचा अभ्यास तिथे होतो.

आणि एलायझा? तिचा मूळ प्रोग्रॅम हरवला, असंच अनेक वर्षं सगळे समजत होते. लोकांनी तिची वर्णनं वाचून आपापल्या एलायझा बनवल्या होत्या. १९७७ साली एका मासिकात तिची छोटी नक्कल छापून आली, आणि ती घरोघरच्या कॉम्प्युटरवर पोहोचली. मग २०२१ साली एमआयटीत ठेवलेल्या वायझेनबाउम यांच्या कागदपत्रांमध्ये मूळ प्रोग्रॅमची छापील प्रत सापडली. काही अभ्यासकांनी मेहनतीने तो पुन्हा चालू केला.

आजचे चॅटबॉट एलायझापेक्षा खूप वेगळ्या पद्धतीने चालतात. ते प्रचंड मोठ्या मजकुरातून शिकलेले असतात. माझी आजी गेली असं लिहिलं, तर ते बहुतेक योग्य शब्दांत दुःख व्यक्त करतील. पण शब्द योग्य असणं आणि कोणाला तरी खरंच वाईट वाटणं, या दोन गोष्टी आजही वेगळ्या आहेत.

तुम्ही कधी आपल्या ग्रुपसाठी बॉट बनवलात, तर वायझेनबाउम यांची आठवण ठेवा. तो बॉट आहे, हे सगळ्यांना स्पष्ट सांगा. लोक जे लिहितात ते साठवत असाल, तर तेही सांगा. त्याचे नियम एकदा लिहून विसरू नका. तो काय उत्तरं देतो ते अधूनमधून तपासा. आणि कोणी खूप दुःखी आहे असं दिसलं, तर तिथे बॉटने थांबावं आणि माणसाला बोलवावं. मग तुम्ही स्वतः जा. तुमची मराठी अडखळली तरी चालेल. अडखळत विचारलेला प्रश्नसुद्धा खरा असतो.

वाचून झाल्यावर

अ) एकदोन वाक्यांत उत्तरं लिहा.
१. जोसेफला १९३३ नंतर शाळा का बदलावी लागली?
२. एलायझा हे नाव कोणत्या नाटकावरून घेतलं? त्या नाटकावरून मराठीत कोणतं नाटक आलं?
३. प्रोग्रॅम आणि स्क्रिप्ट वेगळे ठेवल्याचा फायदा काय?
४. लोक वायझेनबाउम यांच्यावर का रागावले?

आ) अदलाबदल करा. (उदाहरण: मी माझ्या गावाला गेलो. – तुम्ही तुमच्या गावाला गेलात.)
१. मला माझ्या भावाचा राग येतो.
२. मी काल शाळेत उशिरा पोहोचले.
३. माझी मैत्रीण माझ्याशी बोलत नाही.

इ) करून पाहा. दोघांची जोडी करा. एकाने एलायझा व्हायचं. तिने समोरच्याचेच शब्द बदलून प्रश्न विचारायचे, स्वतःचं काहीही सांगायचं नाही. पाच मिनिटांनी थांबा. दुसऱ्याला कसं वाटलं ते विचारा, आणि या वेळी उत्तर खरंच ऐका.

ई) विचार करा आणि लिहा. तुमच्या मते कोणतं काम बॉटला द्यावं आणि कोणतं देऊ नये? घरातल्या एका मोठ्या माणसाशी याबद्दल मराठीत बोला आणि आठ ते दहा ओळी लिहा.